हृदय बरं आहे, छाती दुखते आहे

बायपास होऊन घरी निघालेल्या माणसाच्या हातातल्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावं असतात, मीठ किती खायचं ते असतं, टाके कधी काढायचे आणि पुन्हा दाखवायला कधी यायचं तेही असतं. दुखण्याबद्दल बहुधा एकच ओळ असते: दुखल्यास अमुक गोळी घ्यावी. किती महिने दुखू शकतं, छातीच्या कोणत्या भागात दुखतं, कोणतं दुखणं जखमेचं आणि कोणत्या दुखण्यासाठी अपरात्रीही गाडी काढायची, यातलं काहीच तिथे नसतं. मग तीन महिने उलटतात. इको चांगला येतो, पंपिंग सुधारलेलं असतं, जिना चढताना पूर्वीसारखा दम लागत नाही. आणि तरीही शर्टाचं कापड घासलं की डाव्या छातीवर आग होते, कूस बदलताना हाडात चमक निघते, शिंक येणार असं वाटलं तरी जीव मुठीत धरावा लागतो. हे पुस्तक या मागे राहिलेल्या दुखण्याविषयी आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्या कामाची बरीच वर्षं हृदयशस्त्रक्रियेच्या वॉर्डात आणि नंतर अशा रुग्णांच्या पुनर्वसनात गेली. ऑपरेशननंतर लवकरात लवकर माणसाला आधार देऊन खुर्चीत बसवायचं, तीन गोळ्यांच्या स्पायरोमीटरमधून श्वास ओढायला लावायचं, उशी छातीशी घट्ट धरून खोकायला शिकवायचं, हे आमचं काम. रोज असं शेजारी उभं राहिलं की माणूस बोलू लागतो आणि सर्जनच्या राउंडला जे बोलत नाही ते आमच्याजवळ बोलतो. पुढे व्यायामाला येऊ लागला की आणखी बोलतो. “डॉक्टरांनी जीव वाचवला, आता त्यांच्यापुढे दुखतंय म्हणून काय रडगाणं गायचं,” हे मी बायकांकडून ऐकलं आहे, पुरुषांकडून ऐकलं आहे, स्वतः डॉक्टर असलेल्या रुग्णांकडूनही ऐकलं आहे.

या गप्प बसण्यात कृतज्ञता असते, पण भीतीही तेवढीच असते. दुखतंय म्हटलं तर पुन्हा अँजिओग्राफी करतील, पुन्हा खर्च, पुन्हा मुलांना रजा टाकावी लागेल. काहींनी एकदा धीर करून सांगितलेलं असतं आणि ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनावर घेऊ नका’ असं उत्तर मिळालेलं असतं. त्या उत्तराने माणूस एकटा पडतो. रिपोर्ट हृदयाचे असतात, दुखत असतं ते हृदयाबाहेर. रिपोर्ट खरे आणि दुखणंही खरं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मला या पुस्तकातून मुख्य म्हणायचं आहे ते हेच: बायपासनंतर रेंगाळणाऱ्या दुखण्याला कारणं असतात, त्यातली बहुतेक कारणं छातीच्या भिंतीत असतात, आणि ती रुग्णाला ऑपरेशनच्या आधीच समजावून सांगायला हवीत.

त्यासाठी आधी त्या टेबलावर काय घडतं ते पाहावं लागेल. रुग्ण भूल घेऊन झोपलेला असतो आणि नातेवाईक बाहेर बसलेले असतात, त्यामुळे हा भाग कुणी पाहिलेला नसतो. छातीच्या मधोमध जे चपटं हाड असतं, गळ्याखालच्या खळगीपासून पोटाच्या वरच्या टोकापर्यंत, ते सरळ उभं कापलं जातं. हाडाचा हा मार्ग हर्बर्ट मिल्टन या सर्जनने १८९७ साली कैरोत वर्णन केला होता. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी तो सोयीचा आहे हे मात्र साठ वर्षांनी, १९५७ साली, शिकागोच्या ऑर्मंड ज्युलियन यांच्या लेखनानंतर सर्वत्र पटू लागलं. पुढे दहा वर्षांनी, १९६७ साली, अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जनने पायाची नीला वापरून बायपास केली आणि ती पद्धत जगभर गेली. आपल्याकडे पहिली बायपास १९७५ साली चेन्नईतल्या पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत ही शस्त्रक्रिया इतकी रुळली, की ‘बायपास झाली’ हे आता आपण ‘मोतीबिंदू झाला’ इतक्या सहज म्हणतो. छातीच्या हाडाला मात्र ती सहजता ठाऊक नाही.

हाड कापल्यावर दोन्ही बाजू एका यंत्राने फाकवून धरतात. तास दोन तास नव्हे, अनेकदा तीन-चार तास बरगड्या अशा ताणलेल्या राहतात. बरगड्या पुढे त्या मधल्या हाडाला आणि मागे मणक्याला सांध्यांनी जोडलेल्या असतात, त्यामुळे ताण पाठीपर्यंत पोहोचतो. वरच्या एखाद्या बरगडीला बारीक तडाही जातो आणि साध्या एक्स-रेत तो दिसत नाही. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा जवळच असतो, तो ओढला गेला तर करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, मुंग्या येतात. ‘ऑपरेशन छातीचं झालं आणि खांदा नि पाठ कशी दुखते?’ हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला तितका दुसरा क्वचितच विचारला गेला असेल. त्याचं उत्तर या ताणात आहे.

काम संपल्यावर हाडाचे दोन भाग स्टीलच्या तारांनी बांधतात, साधारण सहा ते आठ तारा. त्या कायमच्या आत राहतात, एक्स-रेत दिसतात आणि पाहणारा घाबरतो. बहुतेकांना त्यांचा त्रास होत नाही. अगदी सडपातळ माणसाला कातडीखाली तारेचं टोक टोचतं, आणि त्या एका जागेवर बोट ठेवलं की तो कळवळतो. अशा वेळी हाड पूर्ण जुळलं असेल तर तेवढी तार छोट्या शस्त्रक्रियेने काढता येते. स्टीलमध्ये निकेल असतं आणि निकेलची ॲलर्जी असलेल्या काहींना तारा काढल्यावर आराम पडलेला आहे. ज्यांना खोटे दागिने किंवा घड्याळाचा पट्टा लागून पुरळ येतं, त्यांनी ही गोष्ट ऑपरेशनआधीच सर्जनच्या कानावर घालावी.

हात मोडला तर प्लास्टर घालून तो स्थिर ठेवता येतो. छातीला तसं करता येत नाही, कारण श्वास थांबवता येत नाही. दिवसाला सुमारे वीस हजार वेळा ते हाड थोडंसं हलतं, आणि हलता हलताच जुळतं. सहा ते आठ आठवड्यांत ते बऱ्यापैकी पक्कं होतं, पूर्ण भरून यायला तीन महिने लागतात. मधुमेह, धूम्रपान, स्थूलपणा, जुनाट खोकला यांपैकी काही असेल तर आणखी वेळ लागतो.

इथवरचं दुखणं हाडाचं आणि सांध्यांचं. पण माझ्याकडे येणाऱ्यांची सर्वांत चिवट तक्रार वेगळीच असते. छातीच्या डाव्या अर्ध्या भागात कातडी बधिर आणि तरीही हुळहुळी. जाड कापड सहन होत नाही, पंख्याचा वारा लागला तरी झिणझिणतं, आत काहीतरी भाजल्यासारखं वाटतं. हे ज्या धमनीमुळे होतं तिची गोष्ट सांगितलीच पाहिजे.

छातीच्या हाडाच्या आतल्या कडेने दोन्ही बाजूंना एकेक धमनी खाली उतरते. डावीकडची धमनी सर्जन छातीच्या भिंतीपासून सोडवून घेतात आणि तिचं खालचं टोक हृदयाच्या पुढच्या, सर्वांत महत्त्वाच्या रक्तवाहिनीला जोडतात. या जोडणीचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. पायाच्या नीलेचे जोड दहा वर्षांत सुमारे निम्मे बंद पडतात किंवा खराब होतात, तर ही धमनी दहा वर्षांनंतरही शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांत उत्तम वाहत असते. बायपास झालेली माणसं आज वीस-वीस वर्षं जगतात त्यात तिचा वाटा फार मोठा आहे. परंतु तिला भिंतीपासून सोडवताना विजेच्या उपकरणाने लहान फांद्या बंद कराव्या लागतात, आणि बरगड्यांमधून कातडीकडे येणाऱ्या बारीक नसा तिथेच असतात. त्या दुखावतात. काही पुन्हा नीट वाढतात, काही चुकीचे संदेश पाठवत राहतात. म्हणून डाव्या बाजूला आग, उजवीकडे काही नाही. ‘हृदय डावीकडे, दुखतंय डावीकडे, म्हणजे हृदयच’ हा हिशेब माणूस आपोआप करतो आणि धास्तावतो. त्याला आधी कुणी एवढं सांगितलं असतं, की तुमची डावी धमनी वापरणार आहोत, त्या बाजूची कातडी काही महिने वेगळी लागेल, तर किती रात्री शांत गेल्या असत्या! दोन मिनिटांचं बोलणं आहे. ते होत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

पायाची नीला घेतली असेल तर घोट्याच्या आतल्या बाजूला बधिरपणा आणि सूज राहते. मनगटाची धमनी घेतली असेल तर अंगठ्याच्या मागे मुंग्या येतात. यांची कारणंही अशीच, नसांची, म्हणून इथे जास्त लिहीत नाही.

बायकांबद्दल मात्र थांबून लिहायला हवं, कारण सूचना बहुतेक पुरुषांचं शरीर आणि पुरुषांचा दिवस समोर ठेवून लिहिलेल्या असतात. स्तनांच्या वजनाने मधली जखम सतत दोन्ही बाजूंना ओढली जाते. आधार देणारे आतले कपडे घालावेत तर त्यांची पट्टी नेमकी दुखऱ्या भागावर येते, न घालावेत तर ओढ वाढते. पुढून उघडणारी, मऊ सुती, रुंद पट्टीची अंतर्वस्त्रं अगदी सुरुवातीपासून वापरली तर हा त्रास बराच कमी होतो, पण वॉर्डात हे बोलायला संकोच वाटतो आणि बोलणारं कुणी नसतं. व्रण वाढून जाड, लाल, खाजरा होणं आपल्याकडच्या कातडीत बरंच दिसतं, छातीच्या मध्यावर तर विशेष. तो ब्लाउजच्या गळ्यातून दिसतो म्हणून पदर ओढून बसायची सवय लागते. हा नटण्यामुरडण्याचा प्रश्न समजून कुणी हसण्यावारी नेऊ नये. तो व्रण दुखतो, आणि त्यावर सिलिकॉनचं जेल, व्रणात द्यायची इंजेक्शनं असे उपाय त्वचारोगतज्ज्ञांकडे आहेत.

आणि बाईचा दिवस! ‘जड उचलू नका’ असं सांगितलं जातं. साधारणपणे पहिले दोन-तीन महिने दोन ते चार किलोंच्या वर उचलू नये असा दंडक असतो. भरलेली कळशी याच्या कितीतरी पुढे जाते. भरलेला गॅसचा सिलिंडर तर सुमारे तीस किलोंचा. तो आपण उचलणार नाही हे तिला कळतं, पण कणीक मळणं, ओले कपडे पिळणं, प्रेशर कुकर एका हाताने उतरवणं, नातवाला कडेवर घेणं, जमिनीवरून हातांवर रेटा देऊन उठणं, ही सगळी छातीच्या हाडावर ताण देणारी कामं आहेत असं तिला कुणी कामांची नावं घेऊन सांगत नाही. पुरुषांनाही त्यांच्या भाषेत सांगायला हवं: स्कूटर मेन स्टँडला लावू नका, एसटीत वरच्या दांडीला लोंबकळू नका, शटर ओढू नका, मोटरचा व्हॉल्व्ह जोर लावून फिरवू नका. या पुस्तकात अशा कामांसाठी एक पूर्ण प्रकरण आहे आणि ते लिहिताना मला सर्वांत जास्त समाधान मिळालं.

याची दुसरी बाजूही आहे. जपायचं म्हणून काही जण सहा सहा महिने खांदे पुढे ओढून, हात पोटाशी धरून बसतात. स्नायू आखडतात, बरगड्यांचे सांधे घट्ट होतात, आणि मूळ जखम भरून आली तरी या आखडण्याचं दुखणं चालू राहतं. अलीकडे अनेक ठिकाणी रुग्णाला नुसते मनाई हुकूम देण्याऐवजी कोपर अंगाजवळ ठेवून हालचाल कशी करायची ते शिकवतात. कोपर बरगड्यांलगत असतील तर उठता येतं, ढकलता येतं, थोडं वजनही घेता येतं आणि हाडावर ताण कमी येतो. मला ही पद्धत पटते. घाबरलेल्या माणसाला काय करू नये यापेक्षा काय करता येईल ते सांगितलं की त्याची छाती लवकर मोकळी होते.

दुखणं किती दिवस राहिलं म्हणजे ते रेंगाळलं म्हणायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू आहे, शस्त्रक्रियेनंतरच्या जुनाट वेदनेला स्वतःची नोंद मिळाली. तीन महिन्यांहून जास्त टिकणारी आणि दुसरं कारण न सापडणारी वेदना त्यात येते. म्हणजे ही तक्रार काल्पनिक नाही, जगाने तिला आजार म्हणून मान्य केलं आहे. कॅनडात हृदयशस्त्रक्रिया झालेल्या हजाराहून अधिक रुग्णांचा दोन वर्षं पाठपुरावा करून २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी शंभरातल्या ४० जणांना दुखणं होतं, सहा महिन्यांनी २२ जणांना, वर्षाने साधारण १७ जणांना आणि दोन वर्षांनी दहाहून थोड्या कमी जणांना. हे आकडे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. तीन महिन्यांनी दुखत असेल तर तुम्ही एकटे नाही आणि ते कमी होण्याची शक्यता मोठी आहे, हा त्यांतला दिलासा. पण दोन वर्षांनीही दुखणारी माणसं आहेत, आणि त्यांना ‘काळाबरोबर जाईल’ असं सांगून परत पाठवणं हा अन्याय आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. छातीच्या भिंतीचं दुखणं आणि हृदयाचं दुखणं यांतला फरक रुग्णाला, त्याच्या जोडीदाराला आणि घरातल्या मोठ्या मुलांना माहीत असलाच पाहिजे. जखमेचं दुखणं बहुधा एका बोटाने दाखवता येतं. तिथे दाबलं की वाढतं. कूस बदलली, खोकला आला, हात वर केला की बदलतं. क्षणभर सुई टोचावी तसं येतं किंवा दिवसभर एकसारखं ठणकत राहतं. हृदयाचं दुखणं माणूस बोटाने दाखवत नाही, पंजा छातीवर ठेवून दाखवतो. ते दडपणासारखं, आवळल्यासारखं असतं. चालताना, जिना चढताना, भरपेट जेवून लगेच निघाल्यावर, पहाटेच्या थंडीत येतं, थांबलं की किंवा जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली की काही मिनिटांत ओसरतं. जबडा, गळा, हात, पाठ यांकडे जातं. सोबत घाम, मळमळ, धाप. रुग्णाला ऑपरेशनआधी होणारा त्रास आठवत असतो आणि नवा त्रास अगदी तसाच असेल तर तो हृदयाचा समजूनच पावलं उचलायची.

मधुमेह्यांसाठी वेगळी ताकीद. त्यांच्या नसा बोथट झालेल्या असतात, त्यामुळे हृदयाला रक्त कमी पडत असूनही छातीत काहीच दुखत नाही. नुसता दम लागतो, दरदरून घाम येतो, एकदम गळून गेल्यासारखं होतं. अशा वेळी ‘छातीत तर दुखत नाही’ म्हणून घरी बसू नये. डाव्या हाताने पाणी शेंदताना किंवा कपडे धुताना हात भरून येत असेल आणि छातीत दडपण येत असेल तर तेही सांगावं. ज्या मोठ्या रक्तवाहिनीतून ती डावी धमनी निघते, तीच अरुंद झाली तर हाताच्या कामाने हृदयाचं रक्त कमी पडतं. हे विरळा आहे, पण दोन्ही हातांचं बीपी मोजलं तर फरकावरून संशय घेता येतो, आणि बीपीचं यंत्र आता घरोघर आहे.

या दोन प्रकारांखेरीज आणखी काही दुखणी आहेत जी वाट पाहायची नसतात. श्वास घेताना किंवा खोकताना मधल्या हाडात कट् असा आवाज होणं, दोन भाग एकमेकांवर हलल्याचं जाणवणं. जखमेतून पाणी किंवा पू येणं, ताप, थंडी. आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत येणारं एक विशिष्ट दुखणं, जे आडवं झालं की वाढतं, खोल श्वासाने वाढतं, पुढे वाकून बसलं की हलकं होतं. ते हृदयाभोवतीच्या आवरणाच्या दाहामुळे असतं, त्यावर औषध आहे, आणि दुर्लक्ष केलं तर त्या आवरणात पाणी साठू शकतं. यांपैकी काही असेल किंवा विश्रांतीनेही न थांबणारं दडपण असेल तर १०८ ला फोन करावा. रात्र आहे, रविवार आहे, मुलगा गावाला गेला आहे, यातलं काहीही आड येऊ देऊ नये.

हे मी इतक्या कळकळीने लिहिते, कारण दोन्ही टोकांची माणसं मी पाहिली आहेत. प्रत्येक चमकेला अॅटॅक समजून वारंवार इमर्जन्सीत जाणारी, आणि ‘ते टाक्यांचंच असेल’ म्हणून खरी धोक्याची खूण अंगावर काढणारी. बायपास एकदा झाली म्हणजे कायमची निश्चिंती असं नसतं. माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० साली झाली होती आणि २००९ च्या जानेवारीत दिल्लीच्या एम्समध्ये त्यांना पुन्हा बायपास करून घ्यावी लागली. मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या चमूने ती केली. ती करून ते पुन्हा कामावर रुजू झाले आणि आणखी पाच वर्षं पंतप्रधानपद सांभाळलं. जोड बंद पडू शकतात आणि वेळेत कळलं तर पुढचा मार्ग असतो, दोन्ही गोष्टी या एका उदाहरणात आहेत.

गोळ्यांविषयी एक गोष्ट मला ठळकपणे सांगायची आहे. दुखतंय म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून खाणं आपल्याकडे सर्रास चालतं. पूर्वी गुडघ्यासाठी घेतलेली पट्टी घरात पडलेली असते, तीच पुढे येते. हृदयाच्या रुग्णाला या गटातल्या गोळ्या धोक्याच्या आहेत. त्या बीपी वाढवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात, अॅस्पिरिनबरोबर घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि आयब्युप्रोफेन तर अॅस्पिरिनचं रक्त पातळ ठेवण्याचं कामच अडवतं. बायपासच्या सुमारास या गोळ्या वापरू नयेत अशी सूचना अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ साली ठळक चौकटीत छापायला लावली. साधी पॅरासिटामॉल ठरवून दिलेल्या प्रमाणात बहुतेकांना चालते. नसांच्या आगीवर तिचा उपयोग कमी होतो, त्यासाठी प्रीगॅबालिन, गॅबापेंटिनसारखी औषधं, सुन्न करणारे पॅच, बरगडीखालच्या नसेजवळ द्यायचं इंजेक्शन असे उपाय आहेत आणि वेदनाशमन हा आता वैद्यकातला स्वतंत्र विषय आहे. मोठ्या रुग्णालयांत बहुधा भूलतज्ज्ञच तो विभाग चालवतात. तिथे जायला हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागायला लाजू नये.

घरगुती उपायांना माझा विरोध नाही. मऊ मलमलीचं कापड हुळहुळ्या भागावर रोज थोडा वेळ हलक्या हाताने फिरवत राहिलं, मग थोडं जाड सुती, मग टॉवेल, तर कातडीला स्पर्शाची सवय पुन्हा होते. आमच्याकडे अनेकांना या साध्या गोष्टीने गोळीइतका आराम मिळाला आहे. शेकाबाबत मात्र जपावं. कातडी बधिर असते, गरम पिशवी किती गरम आहे ते कळत नाही आणि फोड येतात. शेकायचंच असेल तर पिशवीची उब आधी दुसऱ्या कुणीतरी हातावर पाहावी.

झोप आणि मन यांबद्दल पुस्तकात वेगळं प्रकरण आहे. महिनोन्महिने उताणं झोपायला लागलं की माणूस चिडचिडा होतो, आणि बायपासनंतर उदास वाटणं, उगीच डोळे भरून येणं फार जणांना होतं. उदासी असेल तर दुखणं जास्त जाणवतं, दुखत असेल तर उदासी वाढते. याचा अर्थ दुखणं मनाचं आहे असा नाही. दोन्हींवर एकदम उपचार करावे लागतात, एवढाच त्याचा अर्थ.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बायपासचा समावेश असल्यामुळे आता लहान गावांतली, शेतात राबणारी माणसं मोठ्या शहरांत येऊन ही शस्त्रक्रिया करून घेतात. ही फार चांगली गोष्ट आहे. त्यांची पुढची अडचण अंतराची आहे. ऑपरेशन मुंबईत, पुण्यात किंवा नागपुरात होतं, दुखणं मात्र तालुक्याच्या गावी किंवा वाडीवर सोसायचं असतं, आणि जवळचे डॉक्टर छातीवरचा लांब व्रण पाहून हात लावायला कचरतात. त्या डॉक्टरांसाठीही हे पुस्तक आहे. कोणती धमनी वापरली, किती जोड केले, कोणती नीला कुठून घेतली, हे ऑपरेशनच्या नोटमध्ये लिहिलेलं असतं. तिची एक प्रत प्रत्येक रुग्णाने फाइलमध्ये ठेवावी आणि कुठल्याही डॉक्टरकडे जाताना सोबत न्यावी.

पुस्तक क्रमाने वाचायची गरज नाही. ज्यांचं ऑपरेशन व्हायचं आहे त्यांनी पहिली दोन प्रकरणं आधी वाचावीत, घरच्यांनी धोक्याच्या खुणांचं प्रकरण वाचावं. सर्जन मित्रांना माझी एक विनंती आहे. तुमच्या ओपीडीची गर्दी मी पाहिलेली आहे, एका रुग्णाला किती मिनिटं मिळतात हेही मला ठाऊक आहे. तरी तीन महिन्यांच्या तपासणीला इको पाहून झाल्यावर एवढं विचारा: अंगातला कपडा छातीवर सहन होतो का? कुशीवर झोपता येतं का? खोकताना हाड हलल्यासारखं वाटतं का? घरात कोणतं काम अजून करवत नाही? आणि दुखण्यासाठी स्वतःहून कोणती गोळी आणून घेता? या पाच प्रश्नांची उत्तरं रुग्णाने घरीच लिहून आणावीत म्हणून पुस्तकाच्या शेवटी कोरे तक्ते जोडले आहेत. ते फाडून वापरावेत, त्यांच्या हव्या तेवढ्या झेरॉक्स काढाव्यात.